उतरताना किमान चार जण

आमच्या इमारतीत लिफ्टच्या प्रत्येक दाराशेजारी एक पुठ्ठा टांगलेला असायचा. सगळ्या जगात लिफ्टवर लिहिलेलं असतं की अमुक माणसांपेक्षा जास्त चढू नका. आमच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'उतरताना किमान चार जण असावेत.' पाहुणे ते वाचून हसायचे. सेक्रेटरीनं तळमजल्यावरचा पुठ्ठा दोनदा फाडून टाकला आणि दोन्ही वेळा लिफ्टमामांनी नवा लिहून लावला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण शाई ठळक.

लिफ्टमामा आमच्या लिफ्टचे मिस्त्री. नाव काहीतरी असेलच, पण सव्वीस वर्षांत ते विचारायची गरज कुणाला पडली नाही. गच्चीवर मशीनची खोली होती आणि तिला चिकटून दुसरी एक खोली. त्या दुसऱ्या खोलीत मामा आणि मामी राहायचे. मूलबाळ नव्हतं. मधल्या भिंतीपलीकडे मोटार सुरू झाली की त्यांच्या फळीवरच्या कपबश्या किणकिणायच्या. मामी कणीक मळता मळता त्या आवाजावरूनच सांगायच्या, "सहाव्यावरचे निघाले. एकटेच दिसतायत." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई गंमत करतायत. खाली वाकून बघितलं तर दातांचा डॉक्टर खरंच एकटा बाहेर पडत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दहाव्या मजल्यावर, त्यांच्या बरोबर खाली राहते. नवरा गेल्यापासून संध्याकाळचा चहा मी वरच घ्यायचे. बल, गती, गुरुत्वाकर्षण हे सगळं मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, पण त्यातलं निम्मं मला कळलं ते त्या गच्चीवर. एकदा मी मामांना जडत्वाची व्याख्या म्हणून दाखवली. स्थिर वस्तू स्थिर राहते, चालती वस्तू चालत राहते, बाहेरून कुणी बल लावेपर्यंत. मामा म्हणाले, "म्हणजे आळस. आमच्या सेक्रेटरीसारखा."

लिफ्टचं रहस्य मला त्यांनीच सांगितलं. लिफ्ट ज्या दोरांना लटकते त्यांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या लाद्यांचं एक वजन असतं. लिफ्ट वर आली की ते खाली जातं आणि लिफ्ट खाली गेली की ते वर येतं. मामा त्यांना सासू-सून म्हणायचे. एक चढली की दुसरीनं उतरायचं, दोघींनी एका मजल्यावर नांदायचं नाही. "आणि मोटार म्हणजे मुलगा," मामी म्हणायच्या, "दोघींच्या मधे फिरफिर फिरतो आणि तापतो."

"पण बाई, खरी मेख पुढेच आहे," मामा म्हणाले होते. "ते वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं. लिफ्टमध्ये चार माणसं चढली की तोल बरोबर जमतो. तेव्हा मोटारीला काही कामच नाही, नुसता हात लावला तरी चालते. पण एकटा माणूस खाली निघाला, तर त्याला उतरवायचं म्हणजे तिकडं ते सगळं लोखंड वर उचलायचं. रिकामी लिफ्ट उतरताना सगळ्यात जड. लोकांना वाटतं, दोर सैल सोडला की लिफ्ट धाडकन खाली. अहो, रिकामी लिफ्ट सोडली तर ती वर पडते."

वर पडते. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी वर्गात वापरलं, आणि शाळेत माझ्या हुशारीचं कौतुक झालं. मामांचं नाव मी घेतलं नाही. शिक्षकांना ती सवयच असते.

लिफ्ट मधेच अडकली की ती हातानं काढावी लागते, आणि ते काम दोघांचं. एकानं ब्रेकचा दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं मोटारीचं मोठं चाक फिरवायचं. दांडा सुटला की ब्रेक लागतो. एकटा माणूस फक्त ब्रेक उघडू शकतो, मग लिफ्ट जिकडं जड असेल तिकडं जाते. पूर्वी लिफ्टची कंपनी एक मदतनीस द्यायची. तो बंद झाल्यावर दांड्याला मामी उभ्या राहायला लागल्या. पाय भिंतीला टेकवून, दोन्ही हातांनी दांडा दाबून, नजर मामांच्या तोंडाकडे. मामा "हं" म्हणाले की दाबायचा, "सोड" म्हणाले की सोडायचा. अठरा वर्षं त्या दोघांनी इमारतीतली अडकलेली माणसं अशी बाहेर काढली. बाहेर आलेला माणूस मामांचे आभार मानायचा. मामींना कुणी बघितलंच नव्हतं, त्या गच्चीवर असायच्या ना.

त्या वर्षी मोटार म्हातारी झाली होती. तिच्या तारांना भाजल्याचा वास येत होता. मामांनी कंपनीला लिहिलं, सेक्रेटरीला सांगितलं, मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. दुपारी विजेचा जोर कमी असतो, तेव्हा एखादाच माणूस उतरायला लागला की मोटार हाय खाते, तापते आणि मधेच बंद पडते. मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाला, "एका माणसानं लिफ्ट अडते आणि चार जणांनी चालते? मामा, उन्हात फार बसू नका." सगळे हसले. मी उठून समजावून सांगितलं, फळा नव्हता म्हणून हवेत बोटानं चित्र काढलं, तर मला म्हणाले, बाई, शाळा सुटली. मामा गच्चीवर गेले आणि पुठ्ठे लिहायला बसले.

पुठ्ठे लागले आणि लोकांनी कुरकुरत का होईना, ते पाळले. दुपारी लोक मजल्यावर जोडीदार शोधत उभे राहायचे. दातांचा डॉक्टर आपल्या पेशंटना सोबत म्हणून पाठवायचा, काहींचे गाल अजून बधिर असायचे. दोन महिने मोटार टिकली. मामांनी ती अक्षरशः तळहातावरच्या फोडासारखी जपली.

आता त्या दिवसाचं सांगते. सांगायला हवं.

दुपारी दोनच्या सुमाराला मी बाजारातून आले. माझ्याबरोबर लिफ्टमध्ये माझे शेजारी आणि त्यांची बायको होते. दहाव्यावर दार उघडलं तर समोर मामा. त्यांनी मामींना खांद्याला धरून गच्चीच्या जिन्यावरून उतरवून आणलं होतं. मामींचा चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर घाम, आणि डावा हात त्यांनी उजव्या हातात धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"छातीत दुखतंय तिच्या," मामा म्हणाले. "सेक्रेटरीला फोन केलाय. गाडी काढतोय तो."

शेजारी म्हणाले, "चला, आम्हीपण येतो खाली." त्यांची बायको लिफ्टच्या कोपऱ्यात सरकली. मी पिशवी पायाशी ठेवली. आम्ही तिघं आणि मामी, बरोबर चार.

मामांनी मामींना लिफ्टमधल्या स्टुलावर बसवलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बाहेर या सगळे. गर्दी नको. तिला जरा हवा लागू द्या."

शेजारी बाहेर आले, त्यांची बायको आली. मी आले नाही. मी दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर पुठ्ठा होता. मला आठवलं. खोटं कशाला बोलू, मला सगळं आठवलं, तोल, लाद्या, दुपारचा विजेचा जोर, एकट्या माणसाला उतरवताना मोटारीवर पडणारा भार. तोंडापर्यंत शब्द आले होते की मामा, आम्ही आतच बरे. पण सव्वीस वर्षं जो माणूस ही लिफ्ट चालवतो त्याला मी, पुस्तकातून शिकलेली मास्तरीण, त्याच्या बायकोच्या छातीत दुखत असताना शहाणपणा शिकवू? त्यांना माहीत असणारच, त्यांनी काही विचार केला असणार. "बाई, चला ना," ते म्हणाले, आणि मी पिशवी उचलून बाहेर आले.

"तू एकटी जाशील ना? मी मशीनपाशी थांबतो," मामा तिला म्हणाले. "मधे काही झालं तर वर माणूस हवा." मामींनी मान हलवली. मामांनी आत हात घालून तळमजल्याचं बटण दाबलं, दार लावलं आणि दोन दोन पायऱ्या चढत गच्चीकडे धावले. शेजारी आणि त्यांची बायको खाली गाडीशी मदतीला म्हणून जिन्यानं उतरायला लागले.

आमच्या इमारतीचे खालचे चार मजले कागदाच्या गोदामाचे. तिथं लिफ्टला दारंच नाहीत. पाचव्यानंतर थेट तळमजला, मधे नुसती विटांची भिंत. दाराच्या वरच्या पट्टीवर आकड्यांचे दिवे लागतात. नऊ, आठ, सात, सहा, पाच. मग पट्टीवर अंधार, कारण मधल्या मजल्यांना दिवेच नाहीत. तो अंधार एरवी पंधरा सेकंदांचा असतो. मी बघत राहिले. मोटारीचा आवाज जड झाला, घसा बसल्यासारखा, आणि थांबला. तळमजल्याचा दिवा लागला नाही.

मी गच्चीवर गेले तेव्हा मशीनच्या खोलीत धूर होता. मामांनी बटण पुन्हा दाबून पाहिलं, मोटार नुसती हुंकारली आणि परत गप्प झाली. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. मामांनी दोरांवरच्या रंगाच्या खुणा बघितल्या. लिफ्ट दुसऱ्या मजल्याच्या पातळीला होती. खाली पंचवीस फूट, वर पाचव्याचं दार तीस फूट. खाली गाडी उभी होती.

मामांनी चाकाला हात घातला आणि सवयीनं दांड्याकडे बघून म्हणाले, "हं." तिथं कोणी नव्हतं. मी जाऊन दांडा धरला.

दोर जिथून खाली जातात तिथं जमिनीत भोकं आहेत. त्यातून विहिरीतून यावा तसा आवाज येतो. मामा त्या भोकाशी वाकून ओरडले, "अगं, ऐकतेस का? काढतो मी. हातानं काढतो."

खालून मामींचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "घाई करू नका. दांड्याला कोण आहे?"

"बाई आहेत."

"त्यांना सांगा, अंगठा आत ठेवू नका. सुटला की चेंगरतो."

मी अंगठा बाहेर काढला. मामींचा आवाज मी यापुढे कधी ऐकणार नव्हते हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

चाक खालच्या दिशेनं फिरवायचं म्हणजे दुसऱ्या टोकाचं सगळं लोखंड मामांच्या दोन हातांनी उचलायचं. गिअरमुळं ते जमतं, पण एका फेऱ्याला लिफ्ट सरकते जेमतेम चार बोटं. मी दांडा दाबायचे, मामा पाऊण फेरा ओढायचे, "सोड" म्हणायचे, ब्रेक धप्पकन लागायचा, ते दम घ्यायचे. मामी असत्या तर त्यांनी दांडा सलग धरला असता. माझ्या मनगटात तेवढा जोरही नव्हता आणि ती लयही नव्हती. दोनदा दांडा माझ्या हातातून लवकर सुटला आणि मामांचा खांदा चाकाबरोबर हिसकला गेला. चौसष्ट वर्षांचा माणूस, बनियन अंगाला चिकटलेलं, आणि तोंडानं आकडे. एकवीस. बावीस.

विहिरीतून सेक्रेटरीचा आवाज आला. "अहो मामा, ब्रेक सोडा ना. आपोआप येईल खाली. करताय काय वर?"

मग आणखी चारपाच आवाज. सोडा, सोडा. खाली सगळी इमारत जमली होती, आणि त्यांच्यातल्या एकालाही दहा मजले चढून वर यायचं सुचलं नाही. मी भोकाशी तोंड नेऊन ओरडले, "ती खाली येत नाही, वर जाते. कुणीतरी वर या." कोणी विचारलं, "काय म्हणतायत?" दुसरा म्हणाला, "काही नाही, बाई घाबरल्यात." मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा इतका राग आला की डोळ्यांतून पाणी आलं. मीटिंगमध्ये हेच हसले होते.

पस्तिसाव्या फेऱ्याला मी म्हणाले, "मामा, वर जाऊ द्या. पाचव्याला दार आहे. तिथून खुर्चीवर उतरवू."

"वर नाही," मामा म्हणाले. "गाडी खाली आहे. वर कशाला न्यायची तिला?"

"अहो, पण वर ती आपोआप जाईल."

"वर नाही म्हणतो ना."

तेव्हा ते मिस्त्री नव्हते. त्यांचे हात त्यांना सांगत होते की बायको त्या चाकाच्या खालच्या बाजूला आहे आणि जोर लावला की ती गाडीच्या जवळ जाते. साठ फेरे झाले. ते दर दहा फेऱ्यांनी खाली हाक मारत होते, "अगं." पहिल्या वीस फेऱ्यांपर्यंत उत्तर म्हणून एक ठोका यायचा, बहुतेक लिफ्टच्या पत्र्यावर बोटांनी मारलेला. मग तो यायचा बंद झाला. सत्तराव्या फेऱ्याला मामांचा उजवा खांदा निकामी झाला. हात चाकावर होता पण त्यात माणूस नव्हता. त्यांनी डाव्या हातानं ओढून पाहिलं. चाक हललं नाही.

लिफ्टला अजून दहा फूट उतरायचं होतं.

मामा चाक सोडून मागे झाले. "हं," ते म्हणाले. "जाऊ द्या वर."

मी दांडा दाबला. चाक आपणहून फिरायला लागलं, आधी सावकाश, मग भराभर. एवढी मेहनत करून उतरवलेली लिफ्ट कुणी हात न लावता वर निघाली. विसाएक मिनिटांचं काम एका मिनिटात उलटं झालं. मामा दोन्ही हात खाली सोडून त्या चाकाकडे बघत होते. गुरुत्वाकर्षण म्हणजे काय हे मी हजार मुलांना शिकवलं असेल, पण ते एवढं शांतपणे काम करतं हे मला माहीत नव्हतं.

पाचव्याची खूण आल्यावर मी दांडा सोडला. शेजारी आणि दातांचा डॉक्टर तिथं थांबले होते, त्यांना निदान तेवढं समजलं होतं. दार उघडून त्यांनी मामींना खुर्चीत बसवलं आणि पाच मजले उतरवलं. मामा जिन्यावरून त्यांच्या मागे गेले, उजवा हात लोंबकळत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर." डॉक्टर लोक हे वाक्य का बोलतात, मला कळत नाही. मामांच्या तोंडावर बोलले.

मोटार आठवड्याच्या आत नवी आली. आली म्हणजे येऊ शकत होती. सेक्रेटरीनं स्वतः उभं राहून बसवून घेतली आणि पुठ्ठे काढून टाकायला सांगितलं. मामांनी ते स्वतःच काढले.

लोक भेटायला यायचे. गच्चीवर एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. सगळ्यांची एकच बोली. नशिबात होतं, वेळ आली होती, आपल्या हातात काय असतं. मामा ऐकून घ्यायचे. एकदाच म्हणाले, "हातातच होतं." माणसं निघून गेली की ते मशीनच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचे. जेवायचे नाहीत. मी नेलेलं ताट झाकलेलं तसंच परत यायचं. झोपायचेही नाहीत, डोळे लालभडक. मला भीती वाटायला लागली, कारण गच्चीला कठडा गुडघ्याएवढाच आहे आणि खाली पडणारी वस्तू किती वेगानं पडते ते मला सूत्रासकट माहीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. मामा कठड्याजवळ उभे होते. मी कप पुढं केला तर घेतला नाही.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"मी पुठ्ठे लिहिले. दोन महिने सगळ्या इमारतीला दटावलं. आणि माझ्याच बायकोला एकटी बसवून बटण दाबलं. तिच्यासकट चार माणसं लिफ्टमध्ये होती, मी तिघांना बाहेर काढलं. तुम्ही चौघं बसला असता तर मोटारीला कळलंही नसतं. पाऊण मिनिटात खाली." ते थांबले. "मला कसं सुचलं नाही? सव्वीस वर्षं."

मी कप कठड्यावर ठेवला.

"तुम्हीपण होता तिथं. तुम्ही तर शिकवता हे." ते माझ्याकडे बघत होते. त्यात राग नव्हता. एखादा माणूस पाण्यात हात पुढं करतो तसं ते बघणं होतं. "तुम्हाला तरी सुचलं होतं का, बाई?"

खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या. मला वाटलं, खरं सांगावं. माझ्या छातीवर तीन आठवडे जे बसलं होतं ते उचलून ठेवायला दुसरी जागा नव्हती. सांगितलं असतं तर त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, आणि मी त्या हातात घेऊन घरी गेले असते, हलकी होऊन. पण मग त्यांना काय उरलं असतं? हेच की एका माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस भिडेपोटी गप्प बसलं.

"नाही मामा," मी म्हणाले. "मलासुद्धा नाही सुचलं."

मग त्यांचे खांदे खाली आले आणि ते तिथंच खाली बसून रडले, मामी गेल्यापासून पहिल्यांदा. रडून झाल्यावर त्यांनी चहा घेतला, गार झालेला, आणि त्या रात्री माझ्या ताटातलं जेवले.

आता बरे आहेत. काम करतात, खांदा अजून दुखतो. कुणी त्या दिवसाचा विषय काढला, की मामा त्यांना सांगतात, "अहो, वेळच तशी होती. बाईंनासुद्धा सुचलं नाही. एवढ्या शिकलेल्या." मग लोक माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवते.